महिन्याचा रंगांचा डबा



आपल्या पत्रिकेत सणांच्या पाककृती येतात, सिनेगॉगच्या बातम्या येतात, बारमित्स्वाचे आणि लग्नाचे फोटो येतात, गेलेल्या माणसांच्या आठवणी येतात. यावेळी मी जरा निराळा विषय घेतला आहे. गेले आठ महिने माझ्या घरी दर महिन्याला रंगाच्या सामानाचा एक डबा पोस्टाने येतो. त्यातून काय काय निघाले, कशाचा काय उपयोग झाला, आणि त्यातून आम्हा दोघी बहिणींचे कोणते काम सुरू झाले ते सांगते. वडीलधाऱ्यांनी हे स्वतःसाठी वाचावे. मुलांना मराठी वाचायला जड जात असेल तर आजी-आजोबांनी वाचून दाखवावे. शेवटी मुलांना एक काम दिले आहे, तेव्हा बाळांनो, पळून जाऊ नका.

हा डबा म्हणजे काय

आपण लहानपणी ‘चांदोबा’ची वर्गणी भरत असू. वर्षाचे पैसे एकदा भरले की दर महिन्याला पोस्टमन अंक आणून टाकी. अमेरिकेत हीच पद्धत आता वस्तूंना लागू झाली आहे. २०१० साली न्यूयॉर्कमध्ये बर्चबॉक्स नावाच्या कंपनीने दर महिन्याला क्रीम-पावडरीचे नमुने डब्यात घालून पाठवायला सुरुवात केली. ते लोकांना इतके आवडले, की पाठोपाठ पुस्तकांचे, मसाल्यांचे, अगदी कुत्र्यांच्या खेळण्यांचेही डबे निघाले. चित्रकलेच्या सामानाचेही निघाले. आर्टस्नॅक्स, स्केचबॉक्स अशी त्यांची नावे. डब्यात चार-पाच वस्तू असतात आणि कोणती वस्तू कशी वापरायची याचा कागद असतो. काय येणार ते आधी कळत नाही, त्यातच गंमत आहे. आर्टस्नॅक्सच्या डब्यात तर रंगांबरोबर खाऊची एखादी गोळीही टाकतात. आपल्यासारख्यांनी ती तोंडात टाकण्यापूर्वी त्यात जिलेटिन आहे का ते वाचून घ्यावे!

मला ही वर्गणी माझ्या नातीने वाढदिवसाला दिली. महिन्याला तीसेक डॉलर पडतात. मी तिला म्हटले, “अगं, एवढे पैसे कशाला? रंग हवेत तर दुकान काय लांब आहे?” आणि खरेच लांब नाही. आमचे अर्विंग हे डॅलस आणि फोर्ट वर्थ यांच्या मधले गाव. चित्रकलेचे आणि हस्तकलेचे सामान विकणाऱ्या ‘मायकल्स’ या दुकानांचे मुख्य कार्यालय इथेच आहे. त्यांचे पहिले दुकान १९७३ साली डॅलसमध्ये निघाले. आता अमेरिका-कॅनडात मिळून त्यांची हजाराच्या वर दुकाने आहेत. त्या दुकानात शिरले की रंगांच्या भिंतीच्या भिंती उभ्या असतात. पण तोच तर त्रास आहे. इतक्या वस्तू पाहून आपण गोंधळतो आणि शेवटी मेणबत्त्या घेऊन घरी येतो. नात म्हणाली, “आजी, डब्यात पाचच वस्तू असतात. त्या आल्या की वापरायच्याच.” ते मला पटले. आपल्या हाती जे आले त्यात भागवायचे ही सवय आपल्या पिढीला आहेच.

आणखी एक सांगते. डबा शुक्रवारी दुपारी आला तर तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत तसाच राहतो. लिहिणे आणि रंगवणे ही दोन्ही शब्बाथला वर्ज्य असलेल्या ३९ कामांत मोडतात. धाकटी नातवंडे डब्याभोवती घिरट्या घालतात, हलवून पाहतात. हव्दाला झाला रे झाला की कात्री हजर.

पहिला डबा : पेन्सिली

पहिल्या डब्यात निरनिराळ्या मऊपणाच्या पेन्सिली निघाल्या आणि एक राखाडी गोळा. हा गोळा म्हणजे मळायचा खोडरबर. कणकेसारखा तिंबायचा, हवे तसे टोक काढायचे आणि कागदावर नुसता टेकवायचा. तो शिसे उचलून घेतो, कागद खरवडला जात नाही आणि चुराही पडत नाही. तो मळताना बोटांना व्यायाम होतो, हा मला जास्तीचा फायदा.

पेन्सिल हातात आली तेव्हा मला शाळेतली चित्रकलेची परीक्षा आठवली. महाराष्ट्रात शिकलेल्यांना ‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमीजिएट’ ही नावे माहीत असतील. त्यात वस्तुचित्र असे, म्हणजे समोर ठेवलेला तांब्या पाहून काढायचा. संकल्पचित्र असे, म्हणजे नक्षी. आणि एक असे स्मरणचित्र. समोर काही नाही. विषय दिलेला : बाजाराचा दिवस, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका. डोळ्यांनी जे पाहिले असेल ते आठवून काढायचे.

मी ठरवले की वर्षभर डब्यातून जी वस्तू निघेल तिने एकेक स्मरणचित्र काढायचे. फुले, सफरचंदे, सूर्यास्त काढणारे पुष्कळ आहेत. आपण पाहिलेले आपल्याशिवाय कोण काढणार?

विषय मला शोधावा लागला नाही. रेवदंड्याचे आमचे आजोळ. नारळी-पोफळीच्या वाडीतले जांभ्या दगडाचे घर. त्या घराचा एकही फोटो कोणाकडे नाही. घर विकून पन्नास वर्षे होत आली, ते पाडून तिथे आता दुसरी इमारत उभी आहे. ते घर आतून-बाहेरून पाहिलेली माणसे आज जगात दोनच उरली आहेत. एक मी आणि दुसरी माझी थोरली बहीण. ताई अश्दोदला असते. तिचे वय ८३. तिला सकाळी काय खाल्ले ते दुपारी आठवत नाही. डॉक्टरांनी त्या दुखण्याला नाव दिले आहे. मी चाळीस वर्षे वॉर्डात काढलेली, त्यामुळे पुढे काय होते ते मला कोणी सांगावे लागत नाही. पण या दुखण्यात जुने उशिरा जाते, हेही मला माहीत आहे.

म्हणून पहिले चित्र पेन्सिलीने घराचे काढले. ओटी, पडवी, माजघराचे दार, बाजूला विहीर. आमच्याकडे सकाळचे नऊ म्हणजे ताईकडे संध्याकाळचे पाच. त्या वेळी तिची भाची तिला फोनवर दिसेल अशी बसवून देते. मी कागद कॅमेऱ्यासमोर धरला. ताई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “दारावरचा पंजा काढ की गं.”

मला अंगावर काटा आला. त्या पंजाचे मला काहीसुद्धा स्मरण नव्हते, कारण मी तेव्हा फार लहान. आपल्या बेने इस्राएल लोकांत पूर्वी वल्हांडणाच्या सणाला बकरा कापीत आणि त्याच्या रक्तात हात बुडवून पंजाचा ठसा दारावर लावीत. मिसरातल्या आपल्या पूर्वजांनी चौकटीला रक्त लावले होते त्याची ही आठवण. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेने इस्राएलांचा इतिहास लिहिला, तो १९३७ साली तेल अवीवमध्ये छापून निघाला. अशा कितीतरी चालीरीती त्यांनी टिपून ठेवल्या आहेत. पण आमच्या दारावर पंजा होता, तो उजव्या हाताचा होता आणि तो आजोबांचा होता, हे फक्त ताईला माहीत होते. आता ते माझ्या चित्रात आहे.

दुसरा डबा : पाण्याचे रंग

दुसऱ्या डब्यात जलरंगांच्या बारा वड्या, एक ब्रश आणि जाड कागद. जलरंग म्हणजे बारीक वाटलेली रंगाची पूड आणि तिला धरून ठेवणारा डिंक. हा डिंक बाभळीच्या जातीच्या झाडाचा, मुख्यतः आफ्रिकेतून येणारा. वडीवर ओला ब्रश फिरवला की डिंक विरघळतो आणि रंग सुटतो. वाळला की परत वडी तयार. टाकून द्यावे लागत नाही, हे मला फार आवडले. मुंबईला आमच्याकडे कॅमलचे रंग असत. त्या कॅम्लिन कंपनीची सुरुवात १९३१ साली दांडेकर बंधूंनी शाईने केली, आणि तिचा पहिला छाप होता ‘हॉर्स’. उंट मागाहून आला, घोडा आधी.

इथे एक उपयोगाची गोष्ट सांगते : जलरंगात पैसे घालायचे तर ते कागदात घालावेत, रंगात नंतर. साध्या वहीच्या कागदावर पाणी पडले की तो फुगतो आणि रंगाचे डाग पडतात. पाकिटावर ३०० ग्रॅम किंवा इथल्या मापाने १४० पौंड असे लिहिलेले पाहून घ्यावे.

या रंगांनी मी मलिद्याचे ताट काढले. मधोमध गोड पोह्यांची रास, त्यावर खोबरे आणि सुका मेवा, भोवती खजूर, केळी, सफरचंद आणि गुलाबाचे फूल. आता गंमत ऐका. जलरंगात पांढरा रंग असा लावतच नाहीत. पांढरे हवे तिथे कागद कोरा सोडायचा. मलिद्याचे पोहे पांढरे, खोबरे पांढरे, ताटाखालची चादरही पांढरी. म्हणजे चित्रातली मुख्य वस्तू न रंगवताच दाखवायची! आधी भोवतीची फळे रंगवली, मग पोह्यांच्या राशीच्या एका बाजूला फिकट जांभळट सावली दिली, आणि रास आपोआप वर उठून आली. नातू म्हणाला, “आजी, तू पोहे काढलेच नाहीस, तरी दिसतायत!”

ताईने हे ताट पाहून एकच शब्द म्हटला : “वेलची.” चित्रात वास कसा काढणार? मी कडेला वेलचीचे दोन दाणे काढले. ती खूश झाली.

तिसरा डबा : ब्रशचे पेन आणि अर्विंगचे घोडे

तिसऱ्या डब्यात ब्रशसारख्या टोकाचे पेन होते. आत काळी शाई, हलके दाबले तर केसासारखी रेघ, जोराने दाबले तर बोटभर जाड. या पेनने घाबरत काढलेली रेघ लगेच ओळखू येते. त्यामुळे भरभर काढता येईल असे काही हवे होते.

आमच्या गावात लास कोलिनास भागात विल्यम्स स्क्वेअर नावाचा चौक आहे. तिथे ब्राँझचे नऊ रानटी घोडे पाण्यातून उधळत जाताना दाखवले आहेत. शिल्पकार रॉबर्ट ग्लेन. १९८४ साली ते बसवले. खऱ्या घोड्याच्या दीडपट मोठे. टापांखाली कारंजी अशी बसवली आहेत, की घोडे पळताना पाणी उडते आहे असेच वाटावे. परगावचे पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथे नेतो.

मी पेन घेऊन तिथल्या बाकावर बसले, आणि मला घोडे दिसण्याऐवजी खंडाळे दिसायला लागले. हे लोणावळ्याजवळचे खंडाळा नव्हे, अलिबागजवळचे. मुलांसाठी सांगते : एलियाहू हनाबी तिथून अग्नीच्या रथात बसून स्वर्गात गेले, अशी आपल्या लोकांची जुनी श्रद्धा आहे. तिथल्या खडकावर रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा दाखवतात. तू बिश्वातला आपले लोक तिथे जाऊन मलिदा करतात. आपल्या घराघरांत एलियाहू हनाबींच्या रथाची तसबीर असते, ती तुम्ही पाहिलीच असेल.

मग काय, अर्विंगचे घोडे घेतले आणि खंडाळ्याच्या रथाला जुंपले. खाली खडक, मागे माडांच्या झावळ्या. इथल्या घोड्यांच्या टापांखाली पाणी आहे, मी खडकावर ठिणग्या काढल्या. धाकट्या नातवाने विचारले, “आजी, एलियाहू टेक्सासला आला होता?” मी म्हटले, “बाबा रे, मलिदा करू तिथे तो येतो.”

चौथा डबा : तेलखडू

तेलखडू म्हणजे रंग, मेण आणि तेल एकत्र करून केलेल्या कांड्या. जपानच्या साकुरा कंपनीने १९२५ साली ‘क्रे-पास’ नावाने आणले तेव्हापासून ते जगभर शाळांतून वापरतात. ज्यांचे हात थरथरतात किंवा बोटांच्या सांध्यांत दुखते, त्यांच्यासाठी आठही डब्यांत मला सगळ्यांत सोयीचे वाटले ते हेच. कांडी जाड असते, ब्रश धुवावा लागत नाही, पाणी सांडत नाही. बारीक काम त्याने होत नाही, पण ते करायचे कशाला?

तेलखडूंनी परत घर काढले, यावेळी रंगात. जांभ्याचा दगड तुम्हाला आठवतो का? लाल म्हणावा तर तपकिरी, आणि आत जांभळट भोके. खरबरीत कागदावर तेलखडू आडवा धरून फिरवला की कागदाचे खड्डे कोरे राहतात आणि दगड हुबेहूब जांभ्यासारखा दिसतो. आधी विटकरी, त्यावर जांभळा, वरून थोडा केशरी, मग बोटाने पुसायचे. एवढ्याने ओटीची भिंत उभी राहिली.

हे चित्र दाखवले त्या दिवशी ताईचा दिवस बरा नव्हता. शेजारी बसलेल्या भाचीला ती “तुम्ही कोण?” असे विचारत होती. चित्र समोर आल्यावर तिने फोनच्या काचेवर बोट ठेवले आणि ओटीवरच्या खांबाजवळ नेले. “इथे आजी निवडायला बसायची. सूप इकडे, परात तिकडे.” भाचीने मला नंतर सांगितले की मावशी त्या रात्री शांत झोपली. मी ते औषध म्हणून सांगत नाही. चित्राने हे दुखणे बरे होत नाही. पण त्या पाच मिनिटांत ती तिच्या घरी होती, आणि आजीचे सूप कोणत्या बाजूला असे ते मला कळले.

पाचवा डबा : निळा

या डब्यात गुआश नावाचे रंग होते, म्हणजे जलरंगच, पण दाट आणि अपारदर्शक. खालचा रंग झाकतात. त्यात तीन निळे होते आणि तिन्हींची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

पहिला अल्ट्रामरीन. पूर्वी तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून करीत आणि तो फार महाग पडे. एकोणिसाव्या शतकात तो कारखान्यात तयार होऊ लागला, आणि मग इतका स्वस्त झाला की आपण पांढऱ्या कपड्यांना नीळ म्हणून घालू लागलो!

दुसरा प्रशियन ब्लू. तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडला. नर्स म्हणून माझा हा लाडका, कारण हा रंग औषधही आहे. किरणोत्सर्गी सीझियम किंवा थॅलियम पोटात गेले तर डॉक्टर प्रशियन ब्लूच्या कॅप्सूल देतात. ते विष या रंगाला चिकटून शौचावाटे निघून जाते. १९८७ साली ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात किरणोत्सर्गी पदार्थ लोकांच्या हाती लागून मोठा अनर्थ झाला, तेव्हा रुग्णांना हेच दिले होते. (रंगाची ट्यूब मात्र कोणी खाऊ नये. औषधाचा प्रशियन ब्लू वेगळा शुद्ध केलेला असतो.)

तिसरा इंडिगो, म्हणजे आपल्या हिंदुस्थानची नीळ. नावातच ‘इंडिया’ आहे. तोराने त्सित्सितमध्ये निळा धागा घालायला सांगितला आहे, त्याला तेखेलेत म्हणतात. तो रंग समुद्रातल्या एका शंखाच्या गोगलगाईपासून मिळे. तालमूदमध्ये अशी ताकीद आहे, की कोणी स्वस्तातली नीळ लावून तो तेखेलेत आहे असे सांगून विकू नये. दोन्ही रंग डोळ्यांना इतके सारखे दिसतात, कारण आजच्या रसायनशास्त्राने पाहिले तर रंगद्रव्य एकच निघते.

निळ्याशी आपल्या समाजाच्या एका चित्रकर्तीचे नावही जोडलेले आहे. सिओना बेंजामिन या मुंबईत वाढलेल्या बेने इस्राएल चित्रकार, आता न्यू जर्सीत राहतात. त्यांच्या चित्रांतल्या बायका निळ्या अंगाच्या असतात. मुलांनी त्यांची चित्रे जरूर पाहावीत. आपल्यातल्या मुलीलाही चित्रकार होता येते, हे आमच्या लहानपणी आम्हाला कोणी दाखवले नव्हते.

ज्येष्ठांसाठी एक गोष्ट. निळा रंग मळकट किंवा हिरवट दिसू लागला तर रंगाला दोष देण्यापूर्वी डोळे तपासून घ्या. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग पिवळट होते आणि निळा अडतो. थोर चित्रकार क्लोद मोने यांच्या डोळ्यावर १९२३ साली शस्त्रक्रिया झाली. त्याआधीच्या त्यांच्या चित्रांत लाल-पिवळ्याचा जोर दिसतो. हल्ली ही शस्त्रक्रिया किती सोपी झाली आहे ते तुम्ही जाणताच.

सहावा डबा आणि पुढचे

सहाव्या डब्यात अल्कोहोलच्या शाईचे मार्कर आले. रंग झळझळीत आणि झटकन वाळणारे, पण वास उग्र, आणि शाई खालच्या दोन पानांत उतरते. वॉर्डात स्पिरिटचा वास आयुष्यभर घेतला, आता घरात नको. ते नातीला दिले, ती खूश. सातव्या आणि आठव्या डब्यात पेन्सिली आणि जलरंगच निराळ्या नावांनी आले. म्हणून वर्ष संपले की वर्गणी थांबवायला मी नातीला सांगितले आहे. ही वर्गणी आपोआप पुढे चालू राहते आणि कार्डावरून पैसे कापले जातात, तेव्हा घेतानाच ती कधी संपते ते लिहून ठेवावे. मला जे हवे होते ते पहिल्या पाच डब्यांत मिळाले.

नर्सबाईंच्या चार सूचना

एक. डब्यावरची अक्षरे वाचा. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याप्रमाणे चित्रकलेच्या सामानात दीर्घकाळ अपाय करणारे काही असेल तर तसे छापावे लागते. गोल शिक्क्यात ‘एपी’ अक्षरे असली तर ते बिनविषारी. ‘सीएल’ असेल तर सूचना वाचून वापरावे आणि मुलांना देऊ नये.

दोन. ब्रशाचे टोक ओठांनी करू नका. शंभर वर्षांपूर्वी न्यू जर्सीत घड्याळांवर रेडियमचा रंग लावणाऱ्या मुली असेच टोक करीत आणि त्यात कित्येकींचा जीव गेला. आजच्या रंगात रेडियम नाही, पण सवय वाईटच.

तीन. बोटे दुखत असतील तर ब्रशाच्या दांड्याला स्पंज गुंडाळून जाड करा. जाड दांडा धरायला कमी जोर लागतो. वीस मिनिटे झाली की थांबा, कोमट पाण्यात हात ठेवा.

चार. चहाचा कप डाव्या हाताला, ब्रशाचे पाणी उजव्या हाताला. कारण सांगत नाही.

चित्र कशाला काढायचे

मला मैत्रिणी विचारतात, “या वयात चित्रकला शिकून काय करणार?” मी त्यांना पुण्याच्या हग्गादाची गोष्ट सांगते. १८७४ साली पुण्यात बेने इस्राएलांसाठी हिब्रू आणि मराठीत एक हग्गादा छापली गेली. तिच्यात चित्रे आहेत. त्या काळी हग्गादांतली चित्रे बहुतेक युरोपातल्या नमुन्यांवरून घेत. पण या हग्गादात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसून, आपल्याकडच्यासारख्या जमिनीवर बसलेल्या आहेत. कोणीतरी विचार केला की आपल्या बायका अशा बसतात, तेव्हा त्या अशाच काढायच्या. दीडशे वर्षे झाली. त्या बायांची नावे कोणाला माहीत नाहीत, पण त्या कशा बसत हे आज माझी टेक्सासची नातवंडे पाहू शकतात.

आता दुसरी बाजू पाहा. आपल्याला ‘शनवार तेली’ म्हणत, कारण आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत. हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. पण आपल्याच एखाद्या घरातला घाणा कुठे उभा होता, बैल कोणत्या बाजूने फिरे, तेल कशात धरीत, हे कोणाच्या आजोबाने काढून ठेवले आहे का? माझ्या घराण्यात तरी नाही. आम्हाला शब्द मिळाला, वस्तू गेली.

आमची मुले मराठी समजतात, थोडी बोलतात. नातवंडांना ‘ओटी’, ‘पडवी’, ‘रहाट’ हे शब्द सांगितले तर ती आपल्या तोंडाकडे पाहत राहतात. चित्र दाखवून बोट ठेवले, की शब्द जागेवर बसतो. माझी चित्रे चांगली नाहीत, खांब तिरपे आहेत, माणसांचे हात भाकरीसारखे आहेत. पण आजीचे सूप बरोबर बाजूला आहे. ते बरोबर असेतोवर सांगणारे माणूस जवळ असावे लागते, आणि माझे माणूस रोज थोडे थोडे दूर जात आहे. म्हणून मी घाईत आहे. तुमच्याही घरात असे कोणी असेल तर तुम्हीही घाई करा. डब्याची वर्गणी लागत नाही. मुलांच्या दप्तरातली पेन्सिल आणि पाकिटाची मागची बाजू पुरते.

मुलांसाठी काम

बाळांनो, आता तुमची पाळी. आजी, आजोबा, किंवा ओळखीचे कोणी म्हातारे माणूस निवडा. ते तुमच्याएवढे असताना घरात असलेली एक वस्तू विचारा, जी आता त्यांच्याकडे नाही. पाटा-वरवंटा, कंदील, सूप, रहाट, काहीही. मग पाच प्रश्न विचारा : ती केवढी होती? कशाची केली होती? घरात कुठे ठेवत? कोण वापरी? तिचा आवाज किंवा वास कसा होता?

मग ऐकले तसे चित्र काढा आणि त्यांना दाखवा. ते म्हणतील, “अरे, इथे हे पण होते.” ते पण काढा. खाली त्या वस्तूचे मराठी नाव, गावाचे नाव आणि सांगणाऱ्याचे नाव लिहा. मराठी लिहिता येत नसेल तर सांगणाऱ्याकडून लिहून घ्या. संपादकांनी कबूल केले आहे की आलेली चित्रे पुढच्या अंकात छापू.

कागद सुरकुतला तरी चालेल, रेघ वाकडी झाली तरी चालेल. विचारल्याशिवाय मात्र काढू नका.

एलियाहू हनाबी आपणा सर्वांना सांभाळो.

आपली,
अर्विंग, टेक्सासची नर्सबाई